ठासणीची

मांडीवर कॅटलॉग, स्थळं बघायला बसल्यासारखी मी
व्हर्जिल हॅस्केटच्या गॅरेजात.
बाहेर मरीएटा गावावर फेब्रुवारी,
मस्किंगम काठाशी गोठलेली,
आणि वामनचा ट्रक नेब्रास्कात कुठेतरी.

"लाटा-लाटांचं मेपल? ते श्रीमंतांचं.
पितळी चंद्रकोर? नको.
नळीला पैसे दे, खटक्याला दे,
बाकी सगळी लाली-पावडर."
हे तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला;
मी मनातल्या मनात मिरजेचं करून घेतलं.

चारशे बारा डॉलर, टपालखर्च धरून.
दस्ता बीचचा, दुय्यम प्रतीचा,
मनगटापाशी गाठ, म्हणून स्वस्त.
(गाठ असलेलं मी एकदा आधीही पत्करलंय.
वामन, हसू नकोस.)

खोक्यात नळी, घोडा, गज, पुडीभर स्क्रू
आणि सूचनांचा एक कागद,
ज्यात दुसरीनंतर थेट चौथी पायरी.

"फुंक," व्हर्जिल म्हणाला.
मी नळीच्या तोंडाला तोंड लावलं,
वारं कानाच्या बारीक भोकातून
माझ्याच बोटावर आलं.
नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे,
मी म्हटलं. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला.
"मग बरोबरच आहे की," तो म्हणाला. "तेवढंच तर हवंय."

मार्चभर काजळ.
त्याच्या डबीतलं काळं संपलं तेव्हा माझ्या डबीतलं.
खटक्याच्या पट्टीला बोटाने लावायचं,
लाकडात बसवायची, उचलायची:
जिथे काळं उमटलं तिथे लाकूड आड येतंय.
तेवढंच खरवडायचं. केसाएवढं.
पुन्हा काजळ. पुन्हा बसव. पुन्हा उचल.
रात्री भात ढवळताना नखांत काळं,
फोनवर वामन विचारतो, काय चाललंय,
मी म्हणते, डोळे आणतेय एकीला.

एकदा छिन्नी निसटली.
नखाएवढा टवका कुठे उडाला तो सापडलाच नाही.
व्हर्जिल म्हणाला, भुसा आणि सरस, कुणाला कळणार नाही.
मी लाटण्याचं टोक कापलं, शिसवी,
आणि त्या फिकट लाकडात ते काळं ठिगळ बसवलं.
कळू दे.

जवसाचं तेल, तळहाताने, सात दिवस.
आईने मला लहानपणी इतकं चोळलं नसेल.

एप्रिलात त्याच्या मेव्हण्याच्या शेतावर
मी दारू मोजली.
आमच्या घरात हा शब्द
दादा झोपल्यावरच, तोही कुजबुजत;
इथे मी तो मोठ्याने म्हटला, मापाने ओतला,
परकराच्या चिंधीत गोळी, थुंकीने ओली,
आणि गजाने ठासली.
ठासून मी आजवर फक्त बोलले होते,
तेही क्वचित.

घोडा पडला. गारगोटीची ठिणगी,
कानापाशी फुस्स,
आणि पुढे काहीच नाही.

"हलू नकोस," व्हर्जिल. "नळी समोरच. एक मिनिट."
आत आग अजून चालत असेल
किंवा विझली असेल, बाहेरून कळत नाही.
खांदा दुखतो. एक गाय बघते.
असं एक मिनिट मी स्वयंपाकघराच्या दारात
किती वर्षं उभी होते, ते मोजायला तेवढा वेळ पुरला नाही.

मग बांगडीतली सेफ्टी पिन काढली,
कान टोचला,
चिमूटभर नवी दारू.

धूर एवढा, की लागलं कुठे ते दिसेना.
कुजक्या अंड्यांचा वास, कानात शिट्टी.
गाय गेली होती.
कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यात भोक;
व्हर्जिलने चष्मा पुसून पाहिलं, म्हणाला,
"कागद तर लागला."

आता बेसिनपाशी उभी आहे.
नळीतून उकळतं पाणी: पहिलं शाईसारखं,
दुसरं गढूळ, तिसरं फिक्या चहाचं.
आजच धुवायला हवं, नाहीतर सकाळी गंज.
सूचनांचा कागद फ्रिजवर आहे,
तिसऱ्या पायरीच्या जागी मी पेन्सिलने लिहिलंय:
काजळ लाव, बघ कुठे लागतं.

वामन गुरुवारी येईल. वास त्याला येईलच.